जलीय जस्त-बॅटरीसाठी नवे कॅथोड पदार्थ : संशोधनाच्या निकषांची चिकित्सा

सारांश

पाण्यावर आधारित, पुन्हा चार्ज होऊ शकणाऱ्या जस्त-बॅटरीसाठी कॅथोड पदार्थ विकसित करण्याचे संशोधन गेल्या दशकभरात जगभर वेगाने वाढले आहे. मँगनीजची ऑक्साइडे, व्हॅनेडियमची ऑक्साइडे, प्रशियन ब्लू वर्गातील संयुगे आणि सेंद्रिय क्विनोन हे या संशोधनाचे चार मुख्य प्रवाह होत. प्रस्तुत लेखात या प्रवाहांतील काही महत्त्वाच्या शोधनिबंधांचा परामर्श घेऊन, नवा पदार्थ 'चांगला' ठरविताना जे निकष वापरले जातात त्यांची चिकित्सा केली आहे. केवळ कॅथोडच्या एका ग्रॅमवर मोजलेली क्षमता आणि हजारो आवर्तनांचे आकडे यांवरून बॅटरीच्या उपयुक्ततेविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे साध्या अंकगणिताने दाखविले आहे. विदर्भातच तयार होणारा विद्युत अपघटनी मँगनीज डायऑक्साइड हा तुलनेचा प्रमाण पदार्थ मानावा आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी संपूर्ण घटाची तपासणी करावी, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : जलीय जस्त-बॅटरी, कॅथोड, मँगनीज डायऑक्साइड, हॉलंडाइट, विशिष्ट क्षमता, विदर्भ.

प्रस्तावना

वऱ्हाडातील खेड्यात 'बॅटरी' म्हटले की आजही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्रथम हातातला टॉर्च येतो. रात्रीच्या विजेवर ओलितासाठी शेतात जाणाऱ्या माणसाच्या हाती तो असतोच. त्या टॉर्चमधील साधा सेल ज्या दोन पदार्थांवर चालतो, ते पदार्थ म्हणजे जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड. फ्रेंच संशोधक जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये ही जोडी प्रथम उपयोगात आणली. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी तिचे महत्त्व कमी झालेले नाही. मात्र हा सेल एकदा संपला की फेकून द्यावा लागतो. ही स्वस्त व सुरक्षित जोडी पुन्हा पुन्हा चार्ज करता आली तर काय, हा प्रश्न जलीय जस्त-बॅटरीच्या संशोधनाच्या मुळाशी आहे.

विदर्भातील वाचकाला या प्रश्नात विशेष रस वाटावा असे एक कारण आहे. मूर्तिजापूर जंक्शन ज्या मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर पुढे भंडारा जिल्ह्यातील तुमसर रोड हे स्थानक लागते. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या सेलच्या उद्योगाला पुरविले जाते. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉइल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची ही खाण असून, तेथेच विद्युत अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा प्रकल्पही आहे. म्हणजे ज्या कॅथोड पदार्थावर चीन, अमेरिका, कॅनडा व युरोप येथील प्रयोगशाळा काम करीत आहेत, त्याचे मूळ द्रव्य आपल्याच विभागात आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जलीय जस्त-बॅटरीच्या कॅथोड पदार्थांवरील संशोधनाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या मोजमापांची व निकषांची चिकित्सा करणे.
३) विदर्भातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांना शक्य व उपयुक्त असे काम सुचविणे.

संज्ञेविषयी थोडे

मराठी परिभाषेत कॅथोडला 'ऋणाग्र' म्हणतात आणि विद्युत अपघटनाच्या संदर्भात ते योग्यच आहे. परंतु बॅटरीतून वीज घेताना कॅथोड हे धन टोक असते. कॅथोड म्हणजे जेथे क्षपण घडते ते इलेक्ट्रोड, ही मूळ व्याख्या लक्षात घेतली तर विसंगती राहत नाही. तरीही 'ऋणाग्र' या शब्दाने वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असल्याने प्रस्तुत लेखात 'कॅथोड' हाच शब्द वापरला आहे. जस्ताच्या बाजूस 'जस्त इलेक्ट्रोड' असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी : जुन्या जोडीचा पुनर्विचार

जस्ताचे आकर्षण समजण्यासारखे आहे. जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे एक ग्रॅम जस्तात सिद्धान्ततः ८२० मिलिॲम्पिअर-तास इतका विद्युतप्रभार साठतो. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट आहे. या विभवाला पाण्यातून हायड्रोजन सुटावयास हवा, परंतु जस्ताच्या पृष्ठभागावर ती अभिक्रिया मंद असल्यामुळे जस्त पाण्यात टिकून राहू शकते. लिथियम-आयन बॅटरीतील द्रावक ज्वलनशील सेंद्रिय द्रव असतो. येथे साधे जलीय द्रावण असल्याने आगीचे भय उरत नाही, आणि बांधणीसाठी पूर्णपणे कोरड्या वातावरणाची खोलीही लागत नाही. मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेला हा विषय जवळचा वाटतो तो यामुळेच.

अल्कधर्मी सेलमध्ये जस्त व मँगनीज डायऑक्साइड ही दोन्ही द्रव्ये वापरानंतर अशा रूपांत जातात की त्यांना पूर्वस्थितीत आणणे कठीण होते. यामामोतो आणि शोजी या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये अल्कधर्मी द्रावणाऐवजी सौम्य आम्लधर्मी झिंक सल्फेटचे द्रावण वापरून, पुन्हा चार्ज होणारा जस्त-मँगनीज डायऑक्साइड घट सादर केला. त्या काळी या निबंधाकडे फारसे लक्ष गेले नाही. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि संशोधनाचा ओघ तिकडे वळला. २०१२ मध्ये चीनमधील चेंगजुन शू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्फा रूपातील मँगनीज डायऑक्साइड वापरून 'जस्त-आयन बॅटरी' ही कल्पना मांडली, तेव्हा विषय पुन्हा चर्चेत आला. २०१६ मध्ये 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या विषयावरील निबंधांची संख्या झपाट्याने वाढली.

मँगनीज डायऑक्साइड : बोगद्यात नेमके कोण शिरते?

मँगनीज डायऑक्साइड हे एकच संयुग असले तरी त्याची स्फटिकरचना अनेक प्रकारची असते. त्यांपैकी अल्फा रूपात स्फटिकाच्या आरपार जाणारे चौकोनी बोगदे असतात. या रचनेला खनिजशास्त्रात 'हॉलंडाइट' रचना म्हणतात. हे नाव मध्य भारतातून आलेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील एल. एल. फर्मोर यांनी झाबुआ संस्थानातील काजलीडोंगरी येथील खनिजाला १९०६ मध्ये, विभागाचे तत्कालीन संचालक थॉमस हॉलंड यांच्या नावावरून, हे नाव दिले. याच फर्मोर यांनी भारतातील मँगनीज साठ्यांवरील आपला बृहद्ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. मध्य प्रांतातील मँगनीजयुक्त रूपांतरित खडकांना त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' ही संज्ञा दिली होती. नव्या म्हणून सादर होणाऱ्या कॅथोड पदार्थांपैकी एक प्रमुख रचना अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या परिसरातील खनिजांच्या अभ्यासातून ओळखीची झालेली आहे.

२०१२ च्या निबंधाचे प्रतिपादन असे होते की, वीज घेताना जस्ताचे आयन या बोगद्यांत शिरतात आणि चार्ज करताना बाहेर येतात. हे चित्र सुबक आहे आणि लिथियम-आयन बॅटरीच्या परिचित चित्राशी जुळणारे आहे. तथापि त्यात एक अडचण होती. बोगद्याची रुंदी सुमारे ४.६ अँगस्ट्रॉम आहे, तर पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या जस्त-आयनाचा व्यास ८ अँगस्ट्रॉमहून अधिक आहे. आत शिरावयाचे तर त्याला भोवतीचे पाणी टाकावे लागेल आणि त्यासाठी बरीच ऊर्जा खर्च होईल. दोन प्रभार असलेल्या आयनाला ऑक्सिजनच्या जाळ्यातून सरकणेही सोपे नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतील हुइलिन पान, जुन लिउ व सहकाऱ्यांनी वेगळे चित्र मांडले. त्यांच्या मते मुख्य अभिक्रिया प्रोटॉनची आहे. पाण्यातील प्रोटॉन मँगनीज डायऑक्साइडशी संयोग पावतो, त्यामुळे द्रावणात हायड्रॉक्साइड आयन वाढतात आणि झिंक हायड्रॉक्साइड सल्फेटचे पापुद्रे कॅथोडवर जमतात. चार्ज करताना ते पुन्हा विरघळतात. पुढे काहींनी प्रोटॉन व जस्त दोन्ही आत जातात असे मांडले, तर काहींनी मँगनीज डायऑक्साइडचे विरघळणे व पुन्हा साचणे हीच खरी क्रिया मानली. एकच पदार्थ आणि जवळपास तेच द्रावण असताना स्पष्टीकरणे भिन्न आहेत.

या मतभेदाला केवळ सैद्धान्तिक महत्त्व आहे असे समजणे चुकीचे ठरेल. जस्त-आयन बोगद्यात शिरत असेल तर बोगदा रुंद करणे, त्यात आधाराला दुसरे आयन ठेवणे, थरांमधील अंतर वाढविणे हे उपाय योग्य ठरतात. मुख्य काम प्रोटॉनचे असेल तर द्रावणाच्या सामूला (पीएच मूल्याला) महत्त्व येते. विरघळणे व साचणे हीच क्रिया असेल तर आरंभी घेतलेल्या स्फटिकाच्या आकाराला व नॅनोरचनेला फारसा अर्थ उरत नाही, कारण काही आवर्तनांनंतर तो स्फटिकच शिल्लक राहत नाही. पुष्कळ निबंधांत नॅनोतारा, नॅनोफुले, नॅनोपत्रे अशा आकारांची छायाचित्रे प्रयोगापूर्वीची असतात. हजार आवर्तनांनंतरचे छायाचित्र व क्ष-किरण विवर्तनाचा आलेख क्वचितच दिसतो. ज्या रचनेला श्रेय द्यावयाचे ती अखेरपर्यंत टिकली की नाही, हे दाखविल्याशिवाय श्रेय सिद्ध होत नाही.

अन्य प्रवाह : व्हॅनेडियम, प्रशियन ब्लू व सेंद्रिय पदार्थ

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात दीपन कुंडू, लिंडा नाझार व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जस्त व पाण्याचे रेणू आधीच थरांत असलेले व्हॅनेडियम ऑक्साइड सादर केले. त्याची क्षमता प्रति ग्रॅम सुमारे ३०० मिलिॲम्पिअर-तास होती आणि १००० आवर्तनांनंतर ८० टक्क्यांहून अधिक क्षमता शिल्लक राहिली. थरांतील पाणी जस्त-आयनाचा प्रवास सुकर करते, हा त्यातील महत्त्वाचा विचार होय.

क्षमतेच्या आकड्यावर व्हॅनेडियम व मँगनीज यांची तुलना केली तर दोन्ही सारखेच वाटतात. परंतु बॅटरीकडून आपल्याला ऊर्जा हवी असते, आणि ऊर्जा म्हणजे क्षमता गुणिले व्होल्टता. व्हॅनेडियम ऑक्साइडची जस्ताविरुद्ध सरासरी व्होल्टता ०.७५ च्या आसपास, तर मँगनीज डायऑक्साइडची सुमारे १.३५ असते. दोहोंची क्षमता ३०० धरल्यास एका किलोग्रॅम कॅथोडमागे पहिल्याची ऊर्जा सुमारे २२५ वॅट-तास व दुसऱ्याची सुमारे ४०५ वॅट-तास येते. शिवाय व्हॅनेडियम पेंटॉक्साइड विषारी आहे आणि जलीय द्रावणात ते काही प्रमाणात विरघळते. प्रशियन ब्लू वर्गातील झिंक हेक्झासायनोफेरेटची व्होल्टता १.७ पर्यंत जाते, पण क्षमता ६० च्या घरातच राहते. त्यामुळे ऊर्जा १०० वॅट-तासांच्या आसपास येते. क्विनोन वर्गातील सेंद्रिय पदार्थांत कोणताच जड धातू नसतो व क्षमताही चांगली असते, परंतु ते द्रावणात झिरपतात. त्यासाठी महागडा पडदा वापरला की स्वस्ताईचा मूळ मुद्दा दुबळा होतो.

निकषांची चिकित्सा

येथवरचा आढावा पदार्थांचा झाला. पुढील चार मुद्दे मोजमापांविषयी आहेत.

अ) जस्ताचा लपलेला साठा

उदाहरणादाखल प्रयोगशाळेत नेहमी दिसणारी मांडणी घेऊ. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर १ मिलिग्रॅम कॅथोड पदार्थ आहे व त्याची क्षमता प्रति ग्रॅम ३०० मिलिॲम्पिअर-तास आहे. म्हणजे प्रत्यक्ष साठा ०.३ मिलिॲम्पिअर-तास झाला. समोर १०० मायक्रोमीटर जाडीचा जस्ताचा पत्रा आहे. जस्ताची घनता ७.१४ धरल्यास त्याचे वस्तुमान ७१.४ मिलिग्रॅम व क्षमता सुमारे ५८.५ मिलिॲम्पिअर-तास येते. प्रत्येक आवर्तनात या जस्ताचा केवळ अर्धा टक्का वापरला जातो.

आता समजा, प्रत्येक आवर्तनात वापरलेल्या जस्तापैकी १ टक्का क्षरणाने वा हायड्रोजन सुटल्याने वाया जातो. ५००० आवर्तनांत १५ मिलिॲम्पिअर-तास इतके जस्त नष्ट होईल. तरीही तीन-चतुर्थांश पत्रा शिल्लक असेल आणि आलेखावर घट निर्दोष दिसेल. हाच घट गरजेच्या दुप्पट, म्हणजे ०.६ मिलिॲम्पिअर-तास, जस्त देऊन बांधला तर राखीव जस्त १०० आवर्तनांत संपेल. निबंधात छापलेले ५००० आवर्तनांचे आयुष्य अशा वेळी कॅथोडचे किती आणि जास्तीच्या जस्ताचे किती, हे वाचकाला कळू शकत नाही.

ऊर्जेचा हिशेबही असाच आहे. १.३५ व्होल्टला ०.३ मिलिॲम्पिअर-तास म्हणजे सुमारे ०.४ मिलिवॅट-तास. कॅथोड व जस्त मिळून ७२.४ मिलिग्रॅम वस्तुमानाने भागल्यास प्रति किलोग्रॅम ५.६ वॅट-तास येतात. यात द्रावण, पडदा व आवरण यांचे वजन धरलेलेच नाही. आपल्या घरातील इन्व्हर्टरखालची शिसे-आम्ल बॅटरी सर्व वजनासह ३० ते ४० वॅट-तास देते. ४०५ हा आकडा निबंधाच्या सारांशात येतो आणि ५.६ हा कोठेच येत नाही.

याचा अर्थ ही बॅटरी निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. प्रति चौरस सेंटिमीटर २० मिलिग्रॅम कॅथोड, प्रति ग्रॅम २५० क्षमता आणि दुप्पट जस्त, म्हणजे सुमारे १७ मायक्रोमीटर जाडीचे, असे धरल्यास या दोन द्रव्यांपुरती ऊर्जा प्रति किलोग्रॅम सुमारे २१० वॅट-तास येते. शिसे-आम्ल बॅटरीला मागे टाकण्यास हे पुरेसे ठरू शकते. परंतु २० मिलिग्रॅमच्या जाड थरातून तीच क्षमता मिळविणे हाच या विषयातील खरा कठीण प्रश्न आहे, आणि १ मिलिग्रॅमच्या प्रयोगात तो उपस्थितच होत नाही.

आ) द्रावणातील मँगनीजचे श्रेय

मँगनीज डायऑक्साइड वापरात असताना त्यातील काही मँगनीज द्रावणात उतरते. हे रोखण्यासाठी द्रावणात आधीच थोडे मँगनीज सल्फेट घालण्याची पद्धत आहे. २०१६ च्या अमेरिकी निबंधात ०.१ मोलर प्रमाण वापरले होते व त्या द्रावणात ५००० आवर्तनांनंतर ९२ टक्के क्षमता टिकल्याचे नोंदविले होते. उपाय गुणकारी आहे आणि तो आता सर्वत्र रूढ झाला आहे.

परंतु चार्ज करताना द्रावणातील हे मँगनीजही कॅथोडवर मँगनीज डायऑक्साइडच्या रूपात साचू शकते. वरील मांडणीत ०.१ मोलर मँगनीज सल्फेट असलेले १०० मायक्रोलिटर द्रावण घातले आहे असे धरू. त्यात १० मायक्रोमोल मँगनीज असते. प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरल्यास त्याची क्षमता ०.५४ मिलिॲम्पिअर-तास होते. आपण ज्याची परीक्षा घेत आहोत त्या कॅथोडची क्षमता ०.३ होती. म्हणजे द्रावणातच कॅथोडहून जास्त साठा दडलेला असू शकतो, आणि मोजलेली सर्व क्षमता मात्र त्या १ मिलिग्रॅम 'नव्या' पदार्थाच्या नावे लिहिली जाते. पहिल्या काही आवर्तनांत क्षमता वाढत जाणे, किंवा एका इलेक्ट्रॉनच्या हिशेबाने येणारी ३०८ ही मर्यादा ओलांडली जाणे, ही याची लक्षणे होत. पुष्कळदा या वाढीला 'पदार्थाचे सक्रियीकरण' असे नाव दिले जाते. ते खरेही असेल, परंतु कॅथोड पदार्थाशिवाय, नुसता कार्बन कागद त्याच द्रावणात ठेवून केलेला कोरा प्रयोग सोबत नसेल तर ते मान्य करण्यास आधार राहत नाही.

इ) आवर्तने आणि दिवस

समजा, घट १२ मिनिटांत चार्ज व १२ मिनिटांत रिकामा केला. अशी ५००० आवर्तने २००० तासांत, म्हणजे सुमारे ८३ दिवसांत पूर्ण होतात. सौर ऊर्जेच्या साठवणीत दिवसाला एकच आवर्तन असते. तेथे ५००० आवर्तनांना १३ वर्षांहून अधिक काळ लागेल. जस्ताचे क्षरण घड्याळाप्रमाणे चालते, ते आवर्तने मोजीत नाही. वेगाने केलेल्या प्रयोगात क्षरणाला अवधीच मिळत नाही, त्यामुळे निकाल उजळ दिसतो. पूर्ण चार्ज केलेला घट तीन दिवस तसाच ठेवून मग किती वीज परत मिळते, ही साधी परीक्षा अधिक बोलकी आहे. ती करण्यास कोणतेही नवे उपकरण लागत नाही.

ई) घट नसलेली बॅटरी

काही निबंधांत नवा ऑक्साइड तयार करून त्याची तपासणी तीन इलेक्ट्रोडांच्या मांडणीत, सोडियम सल्फेट किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात केली जाते आणि शेवटी 'हा पदार्थ जस्त-बॅटरीसाठी आश्वासक आहे' असा निष्कर्ष येतो. त्या प्रयोगात जस्त कोठेच नसते. अशा अभ्यासाला पदार्थविज्ञान म्हणून मूल्य आहे, पण त्यातून बॅटरीविषयी विधान करता येत नाही.

या चारही मुद्द्यांसंबंधी संशोधकांच्या बाजूने एक उत्तर देता येते आणि ते प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. अभिक्रियेचे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल तर पातळ थर व विपुल जस्त घेणेच योग्य असते, कारण त्यामुळे इतर अडथळे दूर होतात. यामामोतो-शोजी, शू, पान किंवा कुंडू यांच्या निबंधांचे मोल या दृष्टीने अबाधित आहे. आक्षेप आहे तो स्वरूप समजण्यासाठी केलेल्या प्रयोगाचे आकडे उपयुक्ततेचा पुरावा म्हणून मांडण्यावर, आणि तीच मांडणी पुढे शेकडो निबंधांत तपासणीविना वापरण्यावर. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शिक्षकांच्या बढतीशी शोधनिबंधांचे गुणांकन जोडले. तेव्हापासून 'नवा पदार्थ, नवा निबंध' या मार्गाचे आकर्षण वाढले, हे नाकारता येणार नाही. नव्या पदार्थाचा निबंध काही महिन्यांत होतो. जुन्या पदार्थाची कसून केलेली परीक्षा वर्षभर चालते आणि निबंध एकच होतो.

वऱ्हाडाच्या परिस्थितीचा निकष

बॅटरीची परीक्षा ती जेथे वापरावयाची तेथील परिस्थितीत व्हावयास हवी. पहिली बाब उपयोगाची. सौर कृषिपंप दिवसा थेट सूर्यप्रकाशावर चालतो व त्याला बॅटरी लागत नाही. तेथे साठवण पाण्याच्या रूपात, शेततळ्यात वा टाकीत होते. बॅटरीची गरज आहे ती घर, दुकान, दवाखाना, शाळा येथे भारनियमनाच्या वा बिघाडाच्या वेळी. सध्या ती गरज मुख्यतः शिसे-आम्ल बॅटरी भागविते. ती जागेवरच बसविलेली असल्याने वजन थोडे जास्त झाले तरी चालते. म्हणून जस्त-बॅटरीची तुलना मोटारीतील लिथियम बॅटरीशी करण्यापेक्षा शिसे-आम्ल बॅटरीशी करणे सयुक्तिक आहे. शिशाचे विषारीपण पाहता तिला पर्याय मिळणे हितावह आहे, परंतु किंमत, आयुष्य व जुनी बॅटरी परत घेण्याची रूढ व्यवस्था या तीन बाबतींत ती दुबळी प्रतिस्पर्धी नाही.

दुसरी बाब तापमानाची. अकोला परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. प्रयोगशाळेतील बहुतेक निकाल २५ अंशांचे असतात. तापमान वाढले की जस्ताचे क्षरण, हायड्रोजन सुटणे आणि मँगनीजचे विरघळणे या तिन्ही क्रिया वेगावतात. बंद घटात वायू साचला तर घट फुगतो.

तिसरी बाब पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि मूर्तिजापूर तालुक्याचा भागही त्यात येतो. 'पाण्यावर आधारित' या शब्दांवरून कोणतेही पाणी चालेल असा समज होऊ नये. भूजलातील क्लोराइड व इतर क्षार द्रावणाचे गुणधर्म बदलतात. येथील प्रयोगशाळेला निर्क्षारित पाण्याची खात्रीशीर व्यवस्था ही पहिली गरज आहे, आणि निबंधात पाण्याची वाहकता नोंदविणे ही चांगली सवय ठरेल.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांचे कार्य

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील किंवा अन्य ग्रामीण महाविद्यालयांकडे महागडी उपकरणे नसतात. परंतु वर सुचविलेल्या बहुतेक परीक्षांना ती लागतच नाहीत. सूक्ष्म वजनकाटा, ओव्हन, बॅटरी तपासणी यंत्राच्या काही वाहिन्या आणि चिकाटी एवढ्यावर पुढील काम होऊ शकते.

पहिले, विद्युत अपघटनाने तयार केलेला मँगनीज डायऑक्साइड हा प्रमाण पदार्थ मानावा. तो गॅमा रूपातील असतो व कोरड्या सेलसाठी कारखान्यात तयार होतो. आपला नवा पदार्थ त्याच वजनात, त्याच द्रावणात, त्याच जस्तासह त्याच्या शेजारी तपासावा. पोटॅशियम परमँगनेट व मँगनीज सल्फेट यांपासून बंद पात्रात तापवून केलेली नॅनोतार कारखान्यातील भुकटीहून किती सरस आहे, हे अशा तुलनेतच कळेल. ती सरस नसेल तर तोही प्रसिद्ध करण्याजोगा निष्कर्ष आहे.

दुसरे, डोंगरी बुजुर्गच्या नैसर्गिक खनिजाचा अभ्यास करावा. त्यातील लोह, सिलिका व इतर अशुद्धींचा पुन्हा चार्ज होण्यावर काय परिणाम होतो, किती शुद्धीकरण पुरेसे आहे, हे प्रश्न परदेशी प्रयोगशाळा आपल्यासाठी सोडविणार नाहीत. यात रसायनशास्त्र, भूशास्त्र, भौतिकशास्त्र आणि खर्चाचा विचार करणारे अर्थशास्त्र अशा अनेक विभागांना एकत्र काम करता येईल.

तिसरे, प्रत्येक निबंधात पाच आकडे सक्तीने द्यावेत : प्रति चौरस सेंटिमीटर कॅथोडचे वजन, जस्ताची जाडी, द्रावणाचे आकारमान, कोऱ्या प्रयोगातील क्षमता आणि तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर परत मिळालेला प्रभार. तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकांच्या संपादक मंडळांनी हे आकडे मागितले तर लेखकांना ते द्यावेच लागतील. ही सुधारणा आपल्यासारख्या महाविद्यालयीन नियतकालिकांपासून सुरू होऊ शकते.

निष्कर्ष

१) जलीय जस्त-बॅटरीत मँगनीज डायऑक्साइड हा व्होल्टता, उपलब्धता व सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी अजूनही सर्वांत विचारार्ह कॅथोड आहे. मात्र त्याच्या अभिक्रियेविषयी एकमत झालेले नाही.
२) केवळ कॅथोडच्या वजनावर सांगितलेली क्षमता ही बॅटरीच्या ऊर्जेचे मोजमाप नव्हे. जस्त व द्रावण यांचा हिशेब धरल्यास चित्र पूर्णपणे बदलू शकते.
३) मँगनीज सल्फेटयुक्त द्रावणात कोऱ्या प्रयोगाविना सांगितलेली क्षमता संशयास्पद मानावी.
४) आवर्तनांची संख्या काळाच्या व तापमानाच्या उल्लेखाविना अपुरी आहे. वऱ्हाडासाठी ४५ अंशांवरील परीक्षा आवश्यक आहे.
५) विदर्भातील मँगनीज व महाविद्यालयीन प्रयोगशाळा यांची सांगड घालता येण्याजोगी आहे आणि त्यासाठी नवा पदार्थ शोधण्याची पूर्वअट नाही.

समारोप

लेक्लांशेचा घट टिकला तो दुकानात मिळत होता, स्वस्त होता आणि अंधारात पेटत होता म्हणून. त्याच जोडीला पुन्हा चार्ज करण्याचे सामर्थ्य द्यावयाचे असेल तर तिची परीक्षाही तितक्याच व्यवहारी कसोटीवर व्हावयास हवी. पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रकल्पासाठी जेव्हा या विषयाकडे वळतो, तेव्हा मार्गदर्शक शिक्षकाने त्याला प्रथम एक संपूर्ण घट बांधावयास, त्यातील प्रत्येक घटकाचे वजन लिहून ठेवावयास आणि तो घट चार्ज करून आठवडाअखेर पुन्हा तपासावयास सांगावे. त्या नोंदवहीतून निघणारे आकडे कदाचित लहान असतील. परंतु शिसे-आम्ल बॅटरीशी खरी तुलना त्याच आकड्यांवरून करता येईल.